शेवटच्या रांगेतला षड्ज

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या फिलहार्मोनिक हॉलचं उद्घाटन 23 सप्टेंबर 1962 रोजी झालं. वाद्यवृंदासमोर लेनर्ड बर्नस्टाइन, टीव्हीवर थेट प्रक्षेपण आणि समोर शहरातली झाडून सारी बडी मंडळी. थाटात काही उणं नव्हतं, उणा निघाला तो आवाज. चेलो आणि डबल बेसचे खालचे सूर वाटेतच गळून जात होते, वरचे सूर टोचत होते, मागच्या भिंतीवरून प्रतिध्वनी परत येत होता आणि मंचावरच्या वादकांना एकमेकांचं वाजवणंच धड ऐकू येत नव्हतं. पुढची कित्येक वर्षं छताला फळ्या टांगणं, त्या काढणं, खुर्च्या बदलणं असे उपाय चालू राहिले.

1973 साली या सभागृहाला 1 कोटी 5 लाख डॉलरची देणगी मिळाली आणि त्यावर देणगीदाराचं नाव लागलं: अ‍ॅव्हरी फिशर. हे गृहस्थ घरी गाणं ऐकायचे अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ बनवायचे, आणि फिशर कंपनीचा संच दिवाणखान्यात असणं ही त्या काळी अमेरिकेत प्रतिष्ठेची गोष्ट होती. लोकांना घरबसल्या उत्तम आवाजाची चटक ज्यांनी लावली, त्यांच्याच नावाची पाटी शहरातल्या सगळ्यात बदनाम सभागृहावर झळकली. 1976 मध्ये ते आतून पाडून पुन्हा बांधलं, तरी कुरकुर थांबली नाही. 2022 मध्ये सुमारे 55 कोटी डॉलर खर्चून त्याचा आणखी एकदा कायापालट झाला. तोवर फिशर यांचं नाव जाऊन डेव्हिड गेफन यांचं आलं होतं. गेफन हेही ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात मोठे झालेले.

मैफलीतला आवाज खरा आणि घरातला नकली, असं म्हणण्याचा रिवाज आहे. फिशर यांच्या सभागृहात पंचवीस डॉलर मोजून बसलेला श्रोता घरी जाऊन फिशर यांच्याच संचावर तीच सिंफनी लावत असेल, तर त्याला हा रिवाज कितपत पटला असता याची शंका आहे.

बिघडलं कशामुळे? ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी काम हाती घेण्याआधी जगभरातली पन्नासहून अधिक सभागृहं पाहिली, मोजली होती. त्यांचा मूळ आराखडा जुन्या युरोपीय सभागृहांसारखा लांबट, अरुंद पेटीचा होता. मग खुर्च्या वाढवा अशी मागणी वर्तमानपत्रांतून झाली, आणि ती मान्य करताना भिंतींचा आकार बदलला, सभागृह फुगलं. पुढे बेल लॅबच्या मानफ्रेड श्रोडर यांनी इथला आवाज मोजला आणि त्यातून त्यांना जो प्रश्न पडला तो त्यांनी जर्मनीत गटिंगनला नेला. श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या वीसेक सभागृहांत कानांच्या जागी माईक बसवलेलं एक कृत्रिम डोकं ठेवून तेच संगीत ध्वनिमुद्रित केलं. नंतर प्रतिध्वनीच होऊ न देणाऱ्या खोलीत श्रोत्याला बसवून दोन-दोन सभागृहं लागोपाठ ऐकवली. 1974 मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन्ही कानांवर पडणारा आवाज जितका वेगवेगळा, तितकं ते सभागृह लोकांना जास्त आवडत होतं.

अरुंद सभागृहात नेमकं हेच घडतं. मंचावरून निघालेला सूर बाजूच्या भिंतीवर आपटून श्रोत्याकडे तिरका येतो. आधी डाव्या कानाला लागतो, मग उजव्याला, आणि दुसऱ्या भिंतीवरून आला तर उलट. त्यामुळे आपण आवाजाच्या आत बसलो आहोत असं वाटतं. भिंती लांब गेल्या आणि छत जवळ आलं, की पहिलं परावर्तन वरून येतं. ते दोन्ही कानांना सारखंच, म्हणून त्यात ती मजा नाही. घरात समोर दोन स्पीकर लावून बसणाऱ्याला सगळ्यात जास्त उणीव भासते ती याच बाजूच्या आवाजाची, मग संच कितीही महागाचा असो.

या शास्त्राचा पाया घातला तो हार्वर्डच्या वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं, आणि तोही एका वाईट खोलीमुळेच. फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. म्हणजे वक्त्याचं दुसरं वाक्य संपत आलं तरी पहिलं हवेतच. हे दुरुस्त कर, असं 1895 साली विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सबाइनला सांगितलं. त्याच्याकडे साधनं होती ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. रस्ता शांत झाल्यावर, मध्यरात्रीनंतर तो कामाला लागे. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा मदतनीसांकरवी आणायच्या, थोड्या थोड्या मांडत जायच्या, प्रत्येक वेळी नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते टिपायचं आणि उजाडायच्या आत सगळ्या उशा जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. सगळ्या उशा मांडल्यावर साडेपाचाचे 1.1 सेकंद झाले. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही आकड्यांत फरक पडतो आहे. त्यानं आधीची ढीगभर मोजमापं बाद केली आणि पुढे प्रयोगाला नेहमी तेच कपडे घालू लागला. घुमारा खोलीच्या आकारमानाप्रमाणे वाढतो आणि आतल्या आवाज शोषणाऱ्या वस्तूंच्या प्रमाणात घटतो, हे सूत्र त्यातून निघालं. त्याच्या आधारे बांधलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल 1900 मध्ये उघडलं आणि आजही जगातल्या पहिल्या काही सभागृहांत त्याची गणना होते.

त्यातली एक गोष्ट श्रोत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. सभागृहात आवाज सगळ्यात जास्त शोषून घेतो तो श्रोताच. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात साउंडवाल्यानं मोठ्या कष्टानं जमवलेला आवाज संध्याकाळी शालीस्वेटर घातलेली आठशे माणसं आत आली की बसतो, आणि पहिल्या विलंबित ख्यालाची दहा मिनिटं तो पुन्हा उठवण्यात जातात. गायकाचा गळा तापेपर्यंत थांबावं लागतं असं आपण म्हणतो. पुष्कळदा थांबावं लागतं ते मिक्सरसाठी.

घरची खोली मात्र इतकी लहान की तिला घुमारा असा नसतोच. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवरून येणारं परावर्तन काही हजारांश सेकंदांत मूळ आवाजाला चिकटतं आणि कान ते वेगळं मोजत नाही. त्याऐवजी दुसरीच भानगड होते. बारा फूट म्हणजे साधारण 3.6 मीटर. या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर बरोबर बसतो आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो फुगून ऐकू येतो, तर खोलीच्या मध्यावर तोच सूर नाहीसा होतो. स्पीकर कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढला किंवा आपली खुर्ची भिंतीपासून सरकवली, तर फुकटात जो फरक पडतो तो महागड्या वायरींनी पडत नाही. वायरी विकणाऱ्यांना हे अर्थातच मान्य नसतं.

घुमारा खोलीत नाही, म्हणून तो ध्वनिमुद्रणात भरून आणावा लागतो. पण ध्वनिमुद्रण तरी कुठून ऐकतं? गायिकेच्या ओठांपासून वीतभर अंतरावर एक माईक, तबल्याच्या शाईवर एक, बायाजवळ एक, तानपुऱ्याच्या भोपळ्याशी आणखी एक. या चारही जागी एकाच वेळी कान लावून बसलेला श्रोता जगात कधी झाला नाही. उत्तम सीडीवर गायिकेचा श्वास, मुर्कीआधीचा जिभेचा हलका स्पर्श, जवारीच्या दोऱ्यावरून घसरणारा तारेचा झंकार सगळं ऐकू येतं. त्यातलं पहिल्या रांगेतल्या रसिकाला क्वचितच काही मिळतं. घरच्या आवाजाला मैफलीची नक्कल म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. ज्या मैफलीची ती नक्कल असावी, ती मैफल झालेलीच नसते.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याला हे पुरतं उमगलं होतं. एप्रिल 1964 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यानं लॉस एंजेलिसमध्ये शेवटचं जाहीर वादन केलं आणि नंतर तो आयुष्यभर स्टुडिओतच रमला. बाखच्या एका फ्यूगचे अनेक प्रयत्न झाले. त्यातला सहावा आणि आठवा चांगला, पण दोन्ही एकसुरी. मग सुरुवात आणि शेवट एकातून, मधला भाग दुसऱ्यातून घेऊन त्यानं फीत जोडली, आणि हे लपवायच्या ऐवजी 1966 च्या लेखात उघडपणे सांगितलं. आपल्याकडच्या घराणेदार मंडळींना हे ऐकून घाम फुटेल. तरी आज बाजारात येणाऱ्या अनेक रागांच्या अल्बममध्ये अशी एखादी शिवण असतेच, फक्त ती कुणी सांगत नाही.

माईकशिवाय गाणं पोचवण्याची विद्या महाराष्ट्रात संगीत नाटकानं जोपासली होती. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला यांच्या वरून बालगंधर्वांचं पद शेवटच्या बाकापर्यंत जात असे. आवाज फेकणं हा तालमीचा भाग होता. माईक आल्यावर कुजबुजल्यासारखं गाणंही हजार लोकांपुढे शक्य झालं, आणि मराठी भावगीत रेडिओ व तबकडीच्या आधारानं फुललं ते याच सोयीमुळे.

ती जुनी विद्या इमारतीच्या रूपात टिकवायचा एक खटाटोप मुंबईत झाला. नरिमन पॉइंटला एनसीपीएचं टाटा थिएटर 1980 मध्ये उभं राहिलं. सुमारे हजार आसनं, मंचाभोवती पंख्यासारखी पसरलेली, आणि उद्देश असा की सतारीचा किंवा गळ्याचा नाद माईक न लावता कुठेही पोचावा. वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. फिशर यांचं सभागृह 1976 मध्ये आतून नव्यानं बांधणारी जोडी ती हीच. न्यूयॉर्कमध्ये त्यांना पूर्ण यश आलं नाही, मुंबईत पुष्कळ अंशी आलं. पण तोवर गवयांचे गळे, तबलजींचे हात आणि श्रोत्यांचे कान माईकला सरावले होते. माईक नको म्हणून बांधलेल्या या थिएटरातही मग माईक आले.

आज म्हणूनच 'घर की मैफल' ही तुलना बव्हंशी दोन स्पीकरांतली असते. मैफलीतला स्पीकर मोठा, लांब आणि हजारो लोकांचा. घरचा लहान, जवळचा आणि एकट्याचा. मोठ्या स्पीकरानं चांगलं वाजणं हे किती अवघड आहे, याचा इतिहास बराच मनोरंजक आहे.

बीटल्सनी 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर 55,600 लोकांपुढे कार्यक्रम केला. गिटारींसाठी खास 100 वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर आणले होते आणि गळे बेसबॉलच्या घोषणांच्या कर्ण्यांतून ऐकू येणार होते. ऐकू आल्या त्या किंकाळ्याच. रिंगो स्टारला ताल धरण्यासाठी पुढच्या तिघांच्या पाठींच्या हालचाली पाहाव्या लागत. वर्षभरात, ऑगस्ट 1966 मध्ये, त्यांनी दौरे बंद केले आणि ते स्टुडिओत शिरले.

शे स्टेडियमनंतर नऊ वर्षांनी ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी उलट वाट धरली. त्यांचा ध्वनितंत्रज्ञ ऑस्ली स्टॅन्ली आणि त्याच्या साथीदारांनी सुमारे सहाशे स्पीकरांची, तीन मजली घराइतकी उंच भिंत वादकांच्या पाठीमागे रचली. तिची ताकद 26,400 वॅट होती. प्रत्येक वाद्याचे स्पीकर स्वतंत्र, बास गिटारच्या तर चारही तारांचे वेगवेगळे. त्यामुळे आवाज एकमेकांत गढूळ होत नसे, आणि वादक जे ऐकत तेच श्रोतेही ऐकत. पण स्पीकर पाठीशी असले की त्यांचा आवाज गायकाच्या माईकमध्ये शिरून शिट्टी वाजणार. त्यावरचा तोडगा हुशार होता. प्रत्येक गायकासमोर एकावर एक असे दोन माईक, पण एकाची जोडणी उलटी. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरे आणि एकमेकाला खोडून टाकी. गायक फक्त वरच्या माईकला ओठ लावून गाई, तेवढाच गळा उरे. तो जरा पातळ लागे, हे मात्र खरं. दोनशे मीटरच्या आसपास उभ्या असलेल्यालाही शब्द स्वच्छ कळत, असं त्या काळचे लोक सांगतात. पण ते धूड वाहून न्यायला इतके ट्रक आणि माणसं लागत की 1974 च्या मार्चमध्ये सुरू झालेली ही चैन त्याच ऑक्टोबरात संपली.

हल्ली मंचाच्या दोन्ही बाजूंना वरून लोंबणारी, खाली आत वळलेली स्पीकरांची जी माळ दिसते ती लाइन अ‍ॅरे. फ्रान्सच्या क्रिस्टियान हाइल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिला आजचं रूप दिलं. एकट्या स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. म्हणजे शेवटच्या रांगेला पुरेल इतका वाढवला तर पहिल्या रांगेचे कान किटतात. माळेत वरची खोकी लांबवर आणि खालची जवळ आवाज टाकतात आणि सगळी मिळून एका उंच स्रोतासारखी वागतात, तेव्हा ही उतरण निम्म्यावर येते. आजच्या चांगल्या मैफलीचं अर्धं श्रेय या माळेला आहे, आणि वाईट मैफलीचं अपश्रेय बहुतेक वेळा ती चुकीच्या कोनात टांगणाऱ्याला.

आता डिसेंबरातल्या पुण्यात येऊ. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी 1953 मध्ये सुरू केलेला महोत्सव दीर्घकाळ रमणबाग शाळेच्या मैदानावर झाला आणि 2018 पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. असा मांडव म्हणजे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनं ना सभागृह ना मोकळं रान. कापडाच्या भिंतींवरून उपयोगाचं परावर्तन मिळत नाही, आणि बाहेरच्या रिक्षा आत येतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्याला तो जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा मिळतो. द्रुत तीनताल मिनिटाला तीनशे मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा 0.2 सेकंदाची. म्हणजे पडद्यावर तबलजीची थाप समेवर पडताना दिसते आणि ऐकू येते दीड मात्रा उलटून गेल्यावर. मागच्या रसिकांची दाद पुढच्यांच्या मागून का येते, याचं कारण त्यांच्या समजुतीत शोधायला नको.

मागच्यांसाठी मध्ये आणखी स्पीकर उभे करतात. ते मंचाच्या बरोबरीनं वाजवले, तर जवळचा आवाज आधी आणि मंचाचा नंतर असे दोन आवाज ऐकू येतील. म्हणून मधल्या स्पीकरना मुद्दाम थोपवून ठेवतात, मंचाचा आवाज तिथे पोचेल त्याच्याही दहा-पंधरा हजारांश सेकंद नंतर. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं 1949 मध्ये दाखवलं होतं की जो आवाज आधी येतो त्याच्याच दिशेनं सगळा आवाज येतोय असं कान ठरवतो, नंतरचा थोडा मोठा असला तरी. त्यामुळे कानाशी खांबावर स्पीकर वाजत असूनही गायक मंचावरच गातोय असं वाटतं. हिशेब चुकला की गायक खांबावर चढतो.

साउंडवाल्याची खरी कसोटी तानपुऱ्याशी लागते. गवई बसल्या बसल्या बोटानं खूण करतो: मॉनिटरला तानपुरा वाढव. तो वाढवला की भोपळ्याजवळच्या माईकमधून कुई निघते, कमी केला की गवई पुन्हा मंचावरून डोळे वटारतो. शिवाय जवारीतून उठणारे बारीक, उंच स्वर हवेतच सगळ्यात जास्त शोषले जातात, कोरड्या हवेत तर फारच. मागच्या रांगेत षड्जाचं अंग पोचतं, त्याची झळाळी वाटेत राहते. आणि सवलतीचे मोजके दिवस सोडले तर हे सगळं दहाच्या आत आटपायचं, कारण 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. रात्रभराच्या बैठका तिथेच संपल्या.

तोच षड्ज घरी कसा येतो? काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा सा सुमारे 139 हर्ट्झचा. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला एवढा खालचा सूर जेमतेमच काढता येतो. तरी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून सा ओळखू येतोच. त्याचं कारण 277, 416, 554 हर्ट्झ असे त्याचे वरचे अंश फोन वाजवतो आणि त्यांच्यातलं अंतर पाहून मूळ स्वर मेंदू स्वतःच उभा करतो. फोनवर गाणं ऐकणारा माणूस निम्मा षड्ज आपल्याच डोक्यातून ऐकत असतो.

खालच्या सुरांची आणखी एक खोड आहे. आवाज हळू केला की ते इतरांपेक्षा जास्त हळू होतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून मांडलं, आणि जुन्या डेकवर 'लाउडनेस' नावाचं बटण असे ते याचसाठी. शेजाऱ्यांचा विचार करून रात्री आवाज कमी ठेवणाऱ्याला बायाची गमक मिळत नाही, त्यात संचाचा दोष नसतो. वर छताचा पंखा. शहरातल्या खोलीत 35-40 डेसिबलची घरघर कायमची असते. गायक अतिमंद्रात उतरला की तो तिच्यात बुडतो. मग ध्वनिमुद्रण करणारे हळू जागा वर उचलतात आणि मोठ्या जागा दाबतात. हे फार ताणलं की काय होतं ते मेटॅलिका या बँडच्या 2008 च्या 'डेथ मॅग्नेटिक' या अल्बमनं दाखवलं. आवाज इतका सपाट आणि फाटका, की चाहत्यांना व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी अधिक बरी वाटली.

मैफलीत याच्या उलट दुखणं असतं: आवाजाला वरची मर्यादाच नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीनं 100 डेसिबल. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबानं 85 डेसिबल आठ तास सोसता येतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला दिवसभराचा वाटा पंधरा मिनिटांतच संपतो. दोन तासांच्या कार्यक्रमात कान कुठे पोचतो ते यावरून काढता येईल. इतक्या मोठ्या आवाजात कान स्वतःच आवाज विस्कटू लागतो, शब्द एकमेकांत मिसळतात. सगळे सूर सारख्या प्रमाणात पंधरा-वीस डेसिबलनं उतरवणारी, वादकांसाठी बनवलेली कानातली बुचं मिळतात. ती घालून उभं राहिलेल्याला गाण्याचे शब्द बहुधा शेजाऱ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतात. जागा निवडायची मुभा असेल तर मिक्सरच्या टेबलाच्या अलीकडे, मधोमध उभं राहावं. पहिल्या रांगेला खालचे भोंगे आणि मंचावरचे मॉनिटर जास्त ऐकू येतात, आणि साउंडवाला आवाज जमवतो तो शेवटी स्वतःच्या कानांनी, स्वतःच्या जागेवरून.